लग्न झालंय पण नोंदणी राहिली आहे, अर्जात ‘अविवाहित’ लिहू का?

तुमचा प्रश्न असा: लग्नाला तीन महिने झाले, नोंदणी राहून गेली, आणि परदेशात कायम वास्तव्याचा अर्ज पुढच्या आठवड्यात भरायचाय. तेव्हा सध्या ‘अविवाहित’ लिहावं आणि तिकडे बस्तान बसल्यावर बायकोला बोलवावं, तर चालेल का?

नाही चालणार. अर्ज थोडा लांबला तर लांबू दे, पण त्या रकान्यात खोटं लिहू नका. कॅनडाचंच बघा. कायम वास्तव्यासाठी जाताना जोडीदाराची माहिती दडवली आणि त्यामुळे त्याची तपासणीच झाली नाही, तर पुढे त्याला कुटुंबीय म्हणून बोलावण्याची वाट नियमाने बंद होते. अपवाद मोजके. बायको लगेच सोबत येणार नसली तरी ‘सोबत येत नाही’ असं नोंदवायची सोय असते, ती वापरा.

लग्न आधी की नंतर, यानेही फरक पडतो, पण सगळीकडे सारखा नाही. अमेरिकेत नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळण्याआधी लग्न झालेलं असेल, तर जोडीदाराला त्याच अर्जाच्या आधारे मागून येता येतं. नंतर केलं तर नवा अर्ज, नवी रांग. युरोपीय संघाचा २००३चा कुटुंब-एकत्रीकरणाचा नियम मात्र आधीचं लग्न आणि नंतरचं लग्न असा भेद करत नाही. डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत, तिथले नियम वेगळे.

आता नोंदणीबद्दल. दाखल्यावर लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख अशा दोन तारखा असतात. माझ्या भाषांतरकाराने नोंदणीची तारीख लग्नाची म्हणून टाकली. दोन्हींत सात महिन्यांचं अंतर! खिडकीपलीकडच्या बाईंनी मूळ दाखला आणि भाषांतर शेजारी-शेजारी ठेवलं, पेन्सिलने दोन्ही तारखांखाली रेघ मारली आणि विचारलं, “लग्न नक्की कधी झालं?” अशा वेळी नवरा बायकोकडे बघतो. माझी दुसऱ्या देशात होती. भाषांतर दुरुस्त करून पुन्हा वेळ मिळेपर्यंत चार महिने गेले.

म्हणून दाखला हातात पडताच तिथेच उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवा. बायको आडनाव बदलणार असेल, तर आधी सगळे कागद एकाच नावावर आणा किंवा व्हिसा होईपर्यंत जुनंच नाव राहू द्या. अर्धं इकडे, अर्धं तिकडे ठेवलंत की प्रत्येक खिडकीवर खुलासा द्यावा लागतो.

मग अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात खरा मानला जावा म्हणून आपल्या सरकारकडून मारून घ्यायचा शिक्का. १९६१च्या हेग करारातला हा शिक्का दोन्ही देश करारात असले तरच उपयोगी. त्यातही एकाने दुसऱ्याच्या सहभागावर आक्षेप घेतलेला असेल, तर त्या दोघांपुरता तो चालत नाही. जायच्या देशाच्या दूतावासाचं पान आधी बघा. काही देश अपोस्टिल मागतच नाहीत, उगाच खर्च नको. लागणार असेल तर भाषांतर त्यानंतर करा, कारण बऱ्याच ठिकाणी शिक्क्याचंही भाषांतर मागतात.

आणि नोंदणीच्या वेळीच दोन-तीन प्रमाणित प्रती मागून घ्या. एक कुठल्या तरी फाइलमध्ये अडकतेच.