बेस छातीत बसतो, मग कानाचं काय?

प्रश्न : माझा मुलगा 19 वर्षांचा आहे. विसर्जनाला डीजेच्या ट्रॅक्टरमागे चार तास नाचला. तेव्हापासून कानाला दडे बसलेत, रात्री कुई वाजते. तो म्हणतो, "आई, कान जातात ते कर्कश आवाजानं. बेस नुसता छातीत बसतो. मोबाइलवर 95 डेसिबलच दाखवत होतं." खरं आहे का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, मोठ्या आवाजानं बसलेले दडे बहुधा एक-दोन दिवसांत सुटतात. याचे अजून सुटले नसतील तर थांबू नका, त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. औषधाची गरज असेल तर ते जितकं लवकर सुरू होईल तितका उपयोग जास्त.

मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. खालच्या स्वरांना आपला कान कमी दाद देतो. म्हणून बहुतेक मोबाइल ॲप कानाच्या हिशेबानं मोजतात, 50 हर्ट्झच्या बेसमधून जवळपास 30 डेसिबल वजा करतात. म्हणजे छाती हादरते, खिडकीच्या काचा थरथरतात आणि आकडा मात्र बेताचा दिसतो. पण तोच आकडा धरू या. 85 डेसिबलला आठ तास ही कामगारांसाठी वापरली जाणारी मर्यादा, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. 95 ला येतो पाऊण तास. तुमचा मुलगा चार तास होता.

मला सगळ्यात काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. शिट्टी कानाशी वाजली की आपण मान फिरवतो. बेस टोचत नाही, उलट अंगात भिनतो, म्हणून पोरं स्पीकरच्या भिंतीला चिकटून नाचतात. त्या भिंतीत वरचे स्वरही असतात, तेही तेवढ्याच जवळून कानात जातात. मधल्या कानात जेमतेम सहा मिलिमीटरचा एक स्नायू आहे. मोठा आवाज आला की तो आवळतो आणि खालचे स्वर थोडे अडवतो. तासन्‌तास ठोके बसले की तोही थकतो. पुढे आतल्या कानात, शंखासारख्या नळीत, खालच्या स्वराची लाट पायथ्यापासून टोकापर्यंत नळीतला सगळा पडदा हलवत जाते. तिथल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

माझ्याकडे ढोल-ताशा पथकातली मुलं येतात. कापसाचे बोळे घालून वाजवतात बिचारी! कापूस जवळपास काहीच अडवत नाही. फोमचे प्लग नीट पिळून आत बसवले तर बरेच अडवतात, बेसला मात्र तेही थोडे कमी पडतात. म्हणून प्लग घातले तरी भिंतीपासून लांबच राहायचं, आणि अधूनमधून गल्लीत शिरून कानांना विसावा द्यायचा.

तपासणीत ऑडिओग्राम, म्हणजे कोणता स्वर किती ऐकू येतो याचा आलेख, काढतील. त्यात 3000, 4000 आणि 6000 हर्ट्झवरही मोजायला सांगा. आवाजाचा मार बहुतेक वेळा आधी तिथेच दिसतो, नेहमीचं बोलणं नीट ऐकू येत असलं तरी.