रोमन सम्राज्ञी ट्रँक्विलिनाचं चांदीचं नाणं परवडत नाही. तिची प्रांतिक तांब्याची नाणी घेणं म्हणजे तडजोड का? सुरुवात कुठून करावी? नाणी ठाण्याला मागवायची आहेत.

तडजोड कसली, ट्रँक्विलिनाच्या बाबतीत प्रांतिक नाणी (म्हणजे रोमने नव्हे, तर प्रांतांतल्या शहरांनी पाडलेली) हाच हमरस्ता आहे. रोमच्या टांकसाळीतलं तिचं चांदीचं नाणं इतकं दुर्मीळ आहे की लिलावात आलंच तर किंमत हजारो युरोंच्या घरात जाते, आणि त्यात पुन्हा नकलींचा सुळसुळाट. आणि त्याच बाईंचं काशा-तांब्याचं नाणं, नाव नीट वाचता येईल असं, साधारण पन्नास ते दीडशे युरोंत मिळून जातं. (लिलावाची अंतिम बोली म्हणजे तुमचा खर्च नव्हे. त्यावर बहुतेक ठिकाणी वीस टक्क्यांच्या आसपास कमिशन, शिवाय टपाल. ठाण्याला मागवायचं म्हणता, तर कस्टमही धरा.)

मी जर्मनीत राहते आणि बरीच वर्षं फक्त सम्राज्ञींचीच नाणी घेते. माझं मत ऐकायचं तर संग्रह सम्राज्ञीच्या नावाने सुरू करा, पण मांडा गावांप्रमाणे. रोमच्या नाण्यावर ती राजघराण्याला हवी तशी दिसते. प्रांतिक नाण्यावर ती त्या त्या गावाला जशी कळली तशी दिसते. गंमत सगळी इथेच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण त्यावरून कुठली गावं शोधायची ते कळेल. तिसरा गॉर्डियन २३८ मध्ये तेराव्या वर्षी सम्राट झाला. २४१ मध्ये त्याचं लग्न फूरिया सबिना ट्रँक्विलिनाशी झालं. सासरा टिमेसिथियस हा प्रीटोरियन दलाचा, म्हणजे सम्राटाच्या अंगरक्षक फौजेचा प्रमुख, म्हणजे कारभार प्रत्यक्षात त्याच्याच हातात. २४२ मध्ये इराणच्या सासानी राजाविरुद्ध मोहीम निघाली. फौज बाल्कनमधून पूर्वेकडे सरकली, मेसोपोटेमियातली गेलेली शहरं परत घेतली. २४३ मध्ये सासरा आजारपणात गेला आणि २४४ च्या सुरुवातीला गॉर्डियनही. म्हणजे ट्रँक्विलिनाचं कुठलंही नाणं उचला, ते जेमतेम तीन वर्षांच्या पट्ट्यातलं असणार. आणि तिची जी नाणी आज बाजारात जास्त दिसतात, ती बरीचशी याच मोहिमेच्या वाटेवरच्या शहरांची आहेत: काळ्या समुद्राच्या बाजूला मार्कियानोपोलीस (आजचं बल्गेरियातलं देव्न्या), अँखियालोस, मेसेंब्रिया, रुमानियातलं तोमिस, आणि पार दुसऱ्या टोकाला मेसोपोटेमियातली निसिबिस आणि सिंगारा.

पहिलं नाणं मार्कियानोपोलीसचं घ्या. मोठं, जड, आणि मुबलक. पुढच्या बाजूला नवरा-बायको समोरासमोर: डावीकडे गॉर्डियन, डोक्यावर लॉरेलची पानं, उजवीकडे ट्रँक्विलिना, केसांच्या आडव्या लाटा आणि कपाळावर छोटा मुकुट. आता भिंग घेऊन दोघांची नाकं आणि हनुवट्या बघा. बऱ्याच ठशांत कारागिराने बायकोला सरळ नवऱ्याचाच चेहरा दिलाय, फक्त केस वेगळे. हा प्रकार प्रांतिक नाण्यांवर सर्रास दिसतो आणि मला तो रोमच्या गुळगुळीत चेहऱ्यांपेक्षा जास्त आवडतो. सम्राटाचं नाव कडेने फिरत जातं आणि तिच्या नावाला गोलात जागा उरत नाही, म्हणून ते काही ठशांवर दोन्ही मानांच्या खाली दोन ओळींत कोंबलेलं असतं. मागच्या बाजूला देवता (टीखे, म्हणजे शहराची भाग्यदेवता, बऱ्याचदा), कडेने प्रांताधिकारी तेर्तुलियानुसचं नाव आणि गावकऱ्यांचं नाव, आणि मोकळ्या जागेत एक सुटं ग्रीक अक्षर, एप्सिलॉन. हा पाचाचा आकडा, म्हणजे पाच अस्सारियाचं नाणं (अस्सारियन हे तिथलं तांब्याचं छोटं एकक). या भागात दोन चेहऱ्यांचं नाणं आणि मोठं मूल्य यांची जोडी वारंवार दिसते. तोमिसला पाचाऐवजी चाराचा आकडा सापडतो.

एक इशारा. या भागातल्या नाण्यांवर मधोमध छोटा खड्डा असतो, कधी एका बाजूला, कधी दोन्ही. नवा माणूस म्हणतो, कोणीतरी खिळा मारलाय, आणि सोडून देतो. तो खड्डा ठसा मारण्याआधी चकती तयार करतानाचा आहे. नाणं खराब नाही.

दुसरं नाणं अलेक्झांड्रियाचं. इजिप्तचं चलन उरलेल्या साम्राज्यापासून वेगळं होतं, त्यामुळे दिसायलाही वेगळं: लहान, जाडजूड, चांदी नावापुरती. इथे ती एकटी असते, नवरा मध्ये नाही. शिवाय नाण्यावर राजवटीचं वर्ष लिहिलेलं: इंग्रजी एलसारखी खूण आणि पुढे ग्रीक अक्षर. एप्सिलॉन असेल तर पाचवं वर्ष. इजिप्तचं वर्ष ऑगस्टच्या शेवटी सुरू व्हायचं, म्हणून हे २४१-४२. लग्नाच्या पाठोपाठचं नाणं हातात, तेही परवडणाऱ्या किमतीत.

जीव अडकेल असं म्हणाल तर सिंगारा. तीस-बत्तीस मिलिमीटर व्यासाचं, वीस ग्रॅमच्या वर वजनाचं. आपलं दहा रुपयांचं नाणं सत्तावीस मिलिमीटरचं आणि आठ ग्रॅमच्याही आतलं, त्यावरून अंदाज करा. पुढे समोरासमोर जोडपं, मागे खडकावर बसलेली टीखे, तिच्या डोक्यावर तटबंदीचा मुकुट, त्याच्या वर धनू राशीचा नराश्व बाण ताणलेला आणि पायाखाली पोहणारा नदीदेव. निसिबिसच्या नाण्यावर त्याच जागी मेष राशीचा मेंढा उडी मारताना असतो. दोन शेजारी शहरं, दोन राशी. ही दोन नाणी शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत.

पण सिंगारा घेताना दम धरा. सिंगारा म्हणजे आजचं इराकमधलं सिंजार, जिथे ऑगस्ट २०१४ मध्ये आयसिसने यझिदींवर हल्ला केला. त्या भागातल्या प्राचीन जागांची प्रचंड लूट झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००३ च्या ठराव १४८३ प्रमाणे ६ ऑगस्ट १९९० नंतर इराकमधून बेकायदा बाहेर काढलेल्या सांस्कृतिक वस्तूंच्या व्यापाराला बंदी आहे. म्हणून या नाण्याची जुनी पावती, जुन्या लिलावाच्या कॅटलॉगमधला फोटो, काहीतरी १९९० आधीचं मागा. विक्रेता नुसतं 'जुना युरोपीय संग्रह' म्हणत असेल तर कागद दाखवायला सांगा. नसेल तर दुसरं बघा. हे नाणं एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या संग्रहांतही भरपूर होतं, त्यामुळे कागदासकट मिळतं, फक्त थांबावं लागतं. तुर्कस्तानात फिरायला गेलात आणि भग्नावशेषांपाशी कोणी मुठीतून नाणी दाखवली, तर हातही लावू नका. खरी असतील तर देशाबाहेर नेणं गुन्हा, खोटी असतील तर पैसे गेले.

फसवणुकीबद्दल. प्रांतिक तांब्यात पूर्ण नकली नाण्यापेक्षा जास्त सापडते ती कोरून सुधारलेली खरी नाणी. झिजलेलं नाणं घ्यायचं आणि सुरीने केस, डोळे, अक्षरं पुन्हा कापायची. ओळखायचं असं: केसांच्या रेघा वाजवीपेक्षा सरळ आणि धारदार, अक्षरांभोवतीची जमीन खरवडून खाली गेलेली, आणि रेघेच्या तळाशी पॅटिनाचा (जुन्या धातूवर काळाने चढलेल्या थराचा) रंग बाकीच्यापेक्षा वेगळा. चेहरा ठसठशीत आणि मागची टीखे मात्र पार सपाट असेल तरीही शंका घ्या. मी अशा 'देखण्या' नाण्यापेक्षा प्रामाणिकपणे झिजलेलं नाणं कधीही घेईन.

विक्रेत्याच्या 'अतिदुर्मीळ' या शिक्क्याला भुलू नका. ऑक्सफर्डच्या पुढाकारातला आरपीसी ऑनलाइन (रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज) हा प्रांतिक नाण्यांचा फुकट डेटाबेस आहे. शहर आणि सम्राज्ञी टाकून शोधा, प्रत्येक प्रकाराची किती नाणी नोंदली आहेत ते फोटोंसकट दिसतं. प्रांतिक नाण्यांत पाच-दहाच नमुने माहीत असलेला प्रकार काही विशेष नाही, आणि तो स्वस्तातही जातो, कारण त्यामागे लागणारे लोकही तितकेच. लिसियातल्या (आजच्या तुर्कस्तानचा नैर्ऋत्य किनारा) बहुतेक गावांनी सम्राटांच्या काळात नाणी पाडली ती जवळजवळ फक्त गॉर्डियनच्या राजवटीत, आणि त्यातल्या अरिकांदासारख्या गावांनी ट्रँक्विलिनाचीही. तिकडे वळलात तर वर्षानुवर्षं पुरेल एवढं काम आहे.

भारतापुरत्या दोन गोष्टी. आपल्याकडे मिळालेली रोमन नाणी बहुतेक ऑगस्टस-टायबेरियसच्या काळातली चांदी आणि सोनं. सिंगाराचं तांबं दाखवून कोणी 'कोल्हापूरला शेतात सापडलं' म्हणाला तर हसून पुढे जा. दुसरं, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि व्यक्तीला ते निर्यात करता येत नाही. कायदा वय बघतो. तेव्हा परदेशातून मागवलेलं नाणं आवडलं नाही म्हणून नंतर तिकडच्याच लिलावात विकू, हा हिशोब धरू नका. आयातीची बिलं मात्र कायमची जपा.

आणि ठाण्याची हवा. काशाच्या नाण्याला दमट, खारी हवा लागली की फिक्या हिरव्या पावडरीचे ठिपके उठतात. नखाने पावडर निघत असेल आणि खाली खळगा पडलेला असेल तर तो रोग आहे; ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा. मऊ पीव्हीसीचे अल्बम नकोत, त्यांनी नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. कागदी पाकीट किंवा मायलारचं (पीव्हीसी नसलेलं पारदर्शक प्लास्टिक), हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्यात त्या पुड्या वरचेवर बदला.