ताई, मला मिस्सापेक्षा मोगऱ्यात देव जास्त भेटतो

प्रश्न : ताई, मी मूळची वसईची, वय २७, सध्या पुण्यात नोकरी. लहानपणी आमची वाडी होती, आजी उजाडायच्या आत मोगरा खुडायला जायची आणि मी डोळे चोळत तिच्या मागे टोपली धरून, कळ्या मिटलेल्या असतानाच खुडायच्या कारण उमलल्या की दादरला पोचेपर्यंत संपल्या. आजी खुडता खुडता जपमाळ म्हणायची, मण्यांऐवजी कळ्या. आता पुण्यात दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाते पण खरं सांगू, प्रवचन डोक्यावरून जातं. मग मध्येच काहीतरी होतं. मागच्या रविवारी एक म्हातारे गृहस्थ कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर, घ्यायला हात पुढे करून उभे होते, त्यांच्या तळव्यावर खिडकीतून ऊन पडलं आणि मला एकदम रडूच आलं. ही श्रद्धा आहे की नुसता मूड? दुसरं असं की आमच्या चर्चमध्ये तमिळ, मल्याळी, मंगळुरी, नगरकडचे मराठी, नागालँडचे स्टुडंट्स असे सगळे आहेत, वरून सुंदर दिसतं, ग्रुपवर फोटोही टाकतात "आम्ही सगळे एक" म्हणून, पण मिस्सा संपला की प्रत्येकजण आपापल्या भाषेच्या घोळक्यात. मी कुठल्याच घोळक्यात नाही. मग ती एकी खरी कुठे असते?

उत्तर : अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना स्वयंपाकघरात कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी उठले नाही, भात गेला. असो.

मूड की श्रद्धा, हे एवढं ताणू नकोस. डोंगरावरच्या प्रवचनात येशू लोकांना काय सांगतो, रानातली भूकमळं बघा. पाठ करा, सिद्ध करा असलं काही नाही, नुसतं बघा कशी वाढतात, शलमोन राजासुद्धा एवढा सजला नव्हता. म्हणजे बघणं हेही काम त्यानेच लावून दिलंय. आपल्या मराठीत तर ही वाट जुनीच आहे, रेव्हरंड ना. वा. टिळकांना लोक फुलामुलांचे कवी म्हणायचे आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर तोच माणूस अभंग आणि कीर्तनातून ख्रिस्त सांगायला लागला, फुलांवर प्रेम करणारा टिळक वेगळा आणि भक्त टिळक वेगळा असं काही नव्हतं. त्याच्याही पावणेतीनशे वर्षं आधी फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्लंडचा जेझुइट पंथाचा धर्मगुरू गोव्यात बसून मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण लिहितो, १६१६ मध्ये ते छापलं गेलं, आणि त्यात मराठीचं कौतुक करताना त्याला आठवतो तो मोगराच, फुलांत जशी मोगरी तशी भाषांत मराठी. विल्टशायरकडच्या माणसाला मोगरा माहीत असायचं काही कारण नव्हतं, इथे येऊन कुणाच्या तरी परसात त्याने तो हुंगला असणार. तेव्हा तुझी आजी कळ्यांवर जपमाळ म्हणायची त्यात मला काहीच वावगं दिसत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, तो जास्त अवघड आहे आणि फोटोचं म्हणशील तर मी तुझ्याच बाजूने आहे. लांबून बघितलं की कुठलीही गर्दी सुंदरच दिसते, रंगीबेरंगी साड्या, टोप्या, शाली. मला जे कळलं ते एकदाच कळलं, तेवढं सांगते.

तीनेक वर्षांपूर्वी मी मुलाकडे राहत होते, शहरातलंच एक चर्च, तुझ्या चर्चसारखंच. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या दुपारी फादरांनी सांगितलं की ज्यांना येतं त्यांनी क्रूस विणायला या, पाचशे लागतील. मला वाटलं चाळीस बाया येतील, आलो आठजणी. मंडपात चटई टाकून मध्ये नारळाच्या कोवळ्या झावळ्यांचा भारा ठेवला होता, कोवळं पान म्हणजे पिवळट पांढरं, हातात घेतलं की रेशमासारखं लागतं, पण उन्हात पाच मिनिटं ठेवलं की घडी घालताना काडकन तुटतं, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं आणि एकेक पट्टी काढायची, मधली हीर सोलून टाकायची. मी वसईची म्हणून मोठ्या तोऱ्यात बसले होते. मला दोन घड्या नीट आल्या, तिसऱ्या घडीला क्रूस सुटायचा. समोर एक मल्याळी चेची (त्यांच्याकडे ताईला म्हणतात) बसली होती, तिचा क्रूस वेगळाच, मध्ये छोटी चौकट. तिला मराठी येत नाही, मला मल्याळम येत नाही, दोघींचं हिंदी असं की ऐकणाऱ्याने कान धरावेत.

आणि कोपऱ्यात एक आजी बसल्या होत्या, श्रीरामपूरकडच्या, सूनबाईसोबत आलेल्या. त्या गप्प. त्यांच्याकडे नारळाचं पान नसायचं, त्यांना शिंदीच्या पानाची सवय, म्हणून आधी पान उलटसुलट करून बघत होत्या. पण एकदा हात बसला आणि मग काय विचारतेस, आमचे तीन होतात तोवर त्यांचे दहा, एकाचंही टोक बाहेर नाही, गाठ दिसतसुद्धा नाही. चेचीने हात जोडून "अम्मा, सिखाओ" म्हटलं. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या शिंदीचे फडे बांधायचे, केरसुण्या गं. ह्यात काय मोठं." मग विणता विणताच, मान खाली घालून, त्यांनी सांगितलं की त्यांच्या माहेरच्या गावी चर्चमध्येही दोन वस्त्यांचे दोन बाजूंना बाक असायचे, त्यांच्या वस्तीचा बाक दाराजवळ, आणि कम्युनियनलाही त्यांची पाळी शेवटी. कुणी पाटी लावली नव्हती, सगळ्यांना माहीत असायचं. माझ्या हातातली घडी परत सुटली.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आपण ख्रिस्ती लोक विविधतेचं फार गोड गोड बोलतो आणि जातीचं नाव आलं की पान उलटतो. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात बाराव्या अध्यायात शरीर एक अवयव अनेक हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच पत्रात एक अध्याय आधी तो त्यांना झाडतोय, की तुम्ही प्रभुभोजनाला जमता आणि एकजण खाऊन पिऊन तर्र आणि दुसरा उपाशी, मग हे प्रभुभोजनच नव्हे. आधी झाडलं मग अवयव सांगितले, हा क्रम आपण सोयीस्कर विसरतो.

तर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत क्रूस झाले साडेचारशेच्या आसपास, त्यातले निम्मे आजींचे. उठताना चेचीने आजींच्या ढिगातला एक लहान क्रूस मागून घेतला. केरळात त्यांच्याकडे पवित्र गुरुवारी घरी बिनखमिराचं अप्पम करतात, त्याला पेसहा अप्पम म्हणतात, आणि त्याच्यावर झावळ्यांच्या रविवारी मिळालेला क्रूस ठेवतात, मग घरातलं वडीलधारं माणूस ते मोडून सगळ्यांना देतं. चेची म्हणाली, यावर्षी अम्मावाला रखूंगी. म्हणजे बघ, ज्या हातांची पाळी शेवटी यायची त्या हातांचा क्रूस दुसऱ्या राज्यातल्या, दुसऱ्या भाषेच्या घरातल्या भाकरीवर सगळ्यात वर. आजींना ते नीट कळलंच नाही, त्या सुनेला विचारत होत्या, "ती भाकरीवर कशाला ठेवणार, भाजेल की ते."

मला एकी भेटली ती एवढीच. मंडपाच्या बाहेर आल्यावर आम्ही परत आपापल्या घोळक्यात गेलोच, तेही सांगते, घोळके काही वाईट नसतात, आपल्या भाषेत हसायला माणसाला जागा लागते. पेन्टेकॉस्टच्या दिवशीसुद्धा, म्हणजे पवित्र आत्मा शिष्यांवर उतरला तेव्हा, पार्थी, मेदी, एलामी सगळे आपापल्याच भाषेत ऐकत होते, पवित्र आत्म्याने काही सगळ्यांना एक भाषा शिकवायचा क्लास काढला नाही. पण तू कुठल्याच घोळक्यात नाहीस म्हणतेस, तर माझं ऐक, प्रवचनाच्या वेळी खिडकीतलं ऊन खुशाल बघ, आणि मिस्सानंतर फोटोच्या रांगेत उभी राहू नकोस, कुठे हाताचं काम चाललंय ते शोध. फुलं लावणं, चहाचे कप विसळणं, खुर्च्या लावणं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं नाव तुला माहीत आहे का? नसेल तर ह्या रविवारी विचार. आणि पुण्यात मोगरा मिळतो, मंडईत, उन्हाळ्यात स्वस्तही असतो, चर्चमध्ये घेऊन जा.

प्रश्न : मी हिंदू आहे, घरी गणपती बसतो. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी वांद्र्याच्या मोतमाऊलीला (माउंट मेरीला) मेणाचा पाय वाहिला होता, आता दरवर्षी सप्टेंबरात जत्रेला जाते. मैत्रीण म्हणते हे दोन दगडांवर पाय. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : पाय तर मेणाचा आहे, दगडावर कशाला ठेवायचा. गंमत सोडा, ८ सप्टेंबरच्या सणाच्या सुमारास आठवडाभर तिथे जी रांग लागते त्यात कोण कुठल्या धर्माचं हे विचारत बसलं तर रांग दादरपर्यंत जाईल. गोव्यात म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीच्या (मरियामातेच्या) फेस्ताला, म्हणजे सणाला, हिंदू लोक तेल वाहतात, आणि शिरगावच्या लईराई देवीला लोक तिची बहीण मानतात, सायबिणीकडून देवीला तेल जातं आणि देवीकडून सायबिणीला मोगऱ्याची फुलं येतात. (परत मोगराच आला, मी काय करू.) देवीला कुणी क्रूस घालायला लावला नाही आणि सायबिणीला कुणी कुंकू लावलं नाही, दोघी आपापल्या घरी आणि येणंजाणं चालू. मी स्वतः ख्रिस्ती म्हणून सांगेन की माझ्यासाठी मरियेकडची वाट तिच्या मुलाकडे जाते, ते मी लपवणार नाही, पण तुम्ही आईसाठी मेणाचा पाय वाहिलात त्यावर हिशोब मागणारी मी कोण. मला त्या जत्रेतला सगळ्यात सुंदर भाग ते मेणाचे अवयवच वाटतात. हात, पाय, डोळे, पोट, लहान बाळ, आता तर मेणाची घरं आणि विमानंसुद्धा मिळतात, आणि सगळे एकाच टेबलावर एकमेकांना टेकून. आईचा गुडघा कसा आहे ते कळवा.

प्रश्न : ताई, आमच्या चर्चमध्ये हल्ली समई लावतात, आरती ओवाळतात, दारात रांगोळी, वेदीपुढे फुलांचे ढीग. मी सत्तरीचा आहे, लॅटिन मिस्सा ऐकलेला माणूस. हा सगळा देखावा हिंदूंची नक्कल वाटते आणि प्रार्थनेत लक्षही लागत नाही. तरुण मुलं म्हणतात काका तुम्ही जुने. तुम्हीच सांगा.

उत्तर : काका, तुम्ही जुने असाल पण ही गोष्टही काही काल परवाची नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकांच्या भाषेत उपासना करायला दार उघडलं आणि १९६९ मध्ये भारतातल्या कॅथलिक चर्चला रोमहून बारा गोष्टींची परवानगी मिळाली, त्यात मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती, फुलं, जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार हे सगळं आहे. म्हणजे तुमच्या फादरांनी मनाने काही काढलेलं नाही. आणि नक्कलच म्हणायचं तर गुडघे टेकणं, लांब झगा, धुपाचं भांडं, ह्यातलं काय वसईच्या वाडीत उगवलं होतं? कुठून तरी आलंच ना. लॅटिन तुम्हाला गोड लागते कारण ती तुम्ही आईच्या मांडीवर ऐकलीत, तशीच ह्या मुलांची समई.

पण तुमचा राग मी पूर्ण खोटा म्हणणार नाही, फक्त तो वेगळ्या जागी जायला हवा. देशी करायचं म्हटलं की आपल्याला लगेच समई, शाल, संस्कृत श्लोक आणि तबला सुचतो. हे कुणाच्या घरातलं सौंदर्य? महाराष्ट्रातले कितीतरी ख्रिस्ती ज्या वस्त्यांमधून आले तिथली कला म्हणजे हलगी, डफ, संबळ, ओव्या. ती किती चर्चमध्ये वेदीजवळ पोचली? दलित ख्रिस्ती लोकांनी हा प्रश्न बरीच वर्षं विचारलाय आणि उत्तर म्हणून त्यांना बहुतेक वेळा आणखी एक समई मिळाली. हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेला एकदा जाऊन या, सप्टेंबरातच असते, श्रीरामपूर तालुक्यात, चालत येणारी माणसं काय काय गात येतात ते ऐका, मग परत येऊन मला लिहा नक्कल कुठली आणि अस्सल कुठलं.

तोवर तुमच्या कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये समई बंद करा असा ठराव मांडू नका, पडेल. हलगी वाजवणारं कुणी आपल्या पॅरिशमध्ये आहे का एवढं विचारा, बघा किती शांतता पसरते ती. आणि लक्ष लागत नसेल तर पुढच्या तीन रांगा सोडून मागे बसा, फुलं तिथून दिसत नाहीत. रांगोळीचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर, ऐन दारात काढली की म्हाताऱ्यांचा पाय घसरतो, माझाही घसरलाय, ती बाजूला भिंतीलगत काढायला सांगा, माझं नाव सांगितलंत तरी चालेल.