कखेतीला एका दिवसात जाऊन येऊ नका

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जॉर्जियात सात रात्री, त्यात राजधानी तिबिलिसी, डोंगरातलं कझबेगी आणि बातुमी, शिवाय द्राक्षांच्या कखेती भागासाठी तिबिलिसीहून एक दिवसाची टूर, असा तुमचा बेत आहे. तुम्हा चौघांत आई-बाबाही, ते दोघं शाकाहारी आणि वाईनला हात न लावणारे. एक दिवस पुरेल का, आणि आई-बाबांना तिथे करण्यासारखं काही आहे का, हे तुमचे दोन प्रश्न.

एक दिवस पुरत नाही. बातुमी काढून टाका (ते देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, काळ्या समुद्रावर आहे) आणि ते दिवस कखेतीला द्या. आई-बाबांचं म्हणाल, तर या सगळ्या सहलीत त्यांना सर्वांत जास्त हाच भाग आवडेल असं मला वाटतं. एवढं ठामपणे म्हणतेय, कारण मी दोन्ही प्रकारे जाऊन आलेय.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्हीही तिबिलिसीहून अशीच टूर घेतली होती. सकाळी नऊला गाडी निघाली, रात्री आठला परत. मध्ये पाच थांबे. कखेतीतल्या सिघनाघी गावात चाळीस मिनिटं, त्यात अर्धा वेळ स्वच्छतागृहाच्या रांगेत. दोन वाइनरींत काउंटरपुढे उभं राहून छोट्या पेल्यांतून सहा-सहा वाईन, आणि प्रत्येक घोटामागे गाइडचं घड्याळाकडे बघणं. माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं, भावाची नारायणगावजवळ द्राक्षबाग आहे. आणि मी जगातल्या सगळ्यांत जुन्या द्राक्षप्रदेशांपैकी एकात जाऊन एकही वेल जवळून न बघता परतले. त्याची रुखरुख एवढी राहिली की 2023 मध्ये पुन्हा गेलो आणि तीन रात्री तिथेच राहिलो. खाली लिहितेय ते त्या दुसऱ्या खेपेच्या जिवावर.

आधी जागेची कल्पना घ्या, म्हणजे बेत आपोआप बसेल. डोंगरातला वाईनचा प्रदेश म्हटल्यावर मी उतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा डोळ्यांसमोर आणल्या होत्या. कखेती तसं नाही. अलाझानी नदीचं रुंद खोरं, दक्षिणेला गोंबोरीची रांग आणि उत्तरेला थोरला कॉकेशस पर्वत, सरळ भिंतीसारखा उभा. बागा बहुतेक खोऱ्यात आणि पायथ्याच्या उतारावर. तेलावी गावाची उंची सुमारे 500 मीटर, म्हणजे आपल्या पुण्यापेक्षा थोडी कमीच. पण गच्चीवर चहा घेऊन बसलात की समोर डोंगररांगेचा शेवट दिसत नाही, आणि हवा स्वच्छ असेल तर माथ्यावर बर्फ. ही भिंत उत्तरेचा कडक गारठा अडवते, म्हणून खाली द्राक्ष पिकतं. आणि तिच्यामुळेच उन्हाळ्यात ढग उठून गाराही पडतात. तिथे गारा फोडायला ढगांत रॉकेटं सोडण्याची सरकारी यंत्रणा आहे. गारपीट म्हटल्यावर बागायतदाराच्या पोटात कसा गोळा येतो हे मला माहेरी पाहून ठाऊक आहे. तिथल्या घरमालकांशी आमचं खरं बोलणं सुरू झालं ते याच विषयावरून.

बागेत शिरायची परवानगी जरूर मागा. आपल्याकडे वेल वर्षभर जागा असतो, म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून आपण त्याला वळवतो, आणि माल येतो फेब्रुवारी-मार्चला. तिथे हिवाळ्यात वेल झोपतो, छाटणी एकदाच, आणि तोडणी सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. या तोडणीला रत्वेली म्हणतात आणि तुमच्या तारखा नेमक्या तिच्यात बसतायत. घरमालकांनी मला सापेरावी या तिथल्या काळ्या द्राक्षाचा एक मणी बोटांत चिरडून दाखवला. आपल्या बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग सालीत असतो, आतला गर फिका. याचा गरच लाल. सापेरावीचा अर्थच रंग देणारी. संध्याकाळपर्यंत बोटांचा जांभळा डाग गेला नाही.

आता क्वेव्रीविषयी, कारण कखेतीला जायचं ते यासाठी. क्वेव्री म्हणजे मातीचा, खाली निमुळता होत गेलेला मोठा रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. आतून मधमाशीचं मेण लावलेलं असतं. द्राक्ष तुडवून रस, साली, बिया आणि बऱ्याचदा देठही एकत्र आत घालतात, आंबणं झालं की झाकण लावून मातीने लिंपतात, आणि पांढऱ्या द्राक्षांची वाईन पाच-सहा महिने तशीच सालींवर राहते. जमिनीतला गारवा तापमान सांभाळतो. तिबिलिसीच्या दक्षिणेला सापडलेल्या मडक्यांच्या खापरांवर द्राक्षांच्या वाईनचे अंश मिळाले, त्यांचा काळ सुमारे 8000 वर्षांपूर्वीचा ठरला. तो अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. क्वेव्रीची पद्धत 2013 पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे.

हे सगळं वाचून गेले होते. पण तेलावीजवळच्या एका घरी आजींनी मला मरानीत, म्हणजे त्यांच्या रांजणघरात नेलं, तेव्हा मला आजोळचं धान्याचं पेव आठवलं. जमिनीत फक्त गोल तोंडं दिसत होती. एका तोंडाशी वाकून ऐकायला सांगितलं: आतून सतत बारीक चुरचुर येत होती, कढईत तेल तापत आल्यासारखी. मग लांब लाकडी दांडा हातात दिला. वर साली तरंगून जाड थर धरतात, तो दिवसातून काही वेळा खाली दाबावा लागतो. आधी थर अजिबात हलेना, मग एकदम सुटला आणि फसफसून वर फेस आला. मी आणखी वाकले तशी आजींनी खांदा धरून मागे ओढलं. आंबताना निघणारा वायू तोंडाशी साचतो, त्यात डोकं घालायचं नाही. आजोबा पेव उघडलं की आत माणूस उतरवण्याआधी बराच वेळ तसंच ठेवायचे, ते याचसाठी. भाषा एक अक्षर कळत नव्हती, पण ते खांदा ओढणं अगदी आजोळचं होतं.

नंतर गेल्या वर्षीच्या छोट्या रांजणाचं झाकण काढून वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंब्याने वाईन काढली. पांढऱ्या द्राक्षाची, पण रंग गडद मधासारखा. चव तुरट. आवळा चावल्यावर जीभ कशी आखडते, तशी. पुण्यात नाशिकची थंडगार पांढरी वाईन प्यायची सवय असेल तर पहिला घोट विचित्र लागेल. घाई करू नका, काहीतरी खाऊन दुसरा घ्या. अक्रोड किंवा चीज बरोबर असेल तर ती तुरट चव एकदम जागेवर बसते.

तर मी असा बेत करीन. तिबिलिसीत दोन रात्री, मग सकाळी गाडी करून सिघनाघी, साधारण दोन तास. वाटेत बोदबेचा मठ. तिथे संत निनोची समाधी आहे. चौथ्या शतकात तिने द्राक्षाच्या काड्यांचा, स्वतःच्या केसांनी बांधलेला क्रूस घेऊन धर्म आणला अशी कथा आहे. वेल त्या लोकांच्या आयुष्यात किती खोल आहे ते त्या एका क्रूसावरून कळतं. सिघनाघीला एक रात्र मुक्काम कराच. टूरच्या गाड्या संध्याकाळी निघून जातात, मग तटबंदीवरून खोऱ्यावरचा उजेड उतरताना दिसतो. दुसऱ्या दिवशी खोऱ्यातून तेलावी, तिथे दोन रात्री. तेलावीत नऊशे वर्षांचा म्हणून सांगतात तो चिनाराचा वृक्ष आणि राजा एरेक्ले दुसरा याचा वाडा चालत बघून होतो. जवळ अलावेर्दीचं अकराव्या शतकातलं कॅथीड्रल आहे, आणि तिथले साधू आजही क्वेव्रीत वाईन करतात. त्सिनान्दालीला कवी-सरदार अलेक्झांडर चवचवाद्झे यांचा वाडा आणि बाग. त्यांनी तिथे युरोपीय पद्धतीची वाईन सुरू केली. नदीपलीकडे क्वारेलीला डोंगरात खोदलेला, सगळे फाटे धरून सात किलोमीटरहून लांब बोगदा आहे, तिथे वाईन साठवतात. बाबांना इंजिनिअरिंगची आवड असेल तर तो नक्की दाखवा, आत गार असतं, स्वेटर न्या. उरलेल्या दोन रात्रींत कझबेगी आणि परतीचं तिबिलिसी बसतं.

परतताना गोंबोरी घाटाने या, रस्ता जवळचा आणि फार सुंदर. पण वळणं ताम्हिणीसारखी आहेत. आईंना गाडी लागत असेल तर गोळी आधी द्या, नाहीतर सपाटीच्या रस्त्याने या.

दिवसाला दोनच वाइनरी: एक मोठी, एक घरगुती. घरगुती ठिकाणी आधी कळवल्याशिवाय जाऊ नका, आणि रत्वेलीत तर राहण्याची जागाही लवकर ठरवा, कारण शहरात राहणारी त्यांची मुलंबाळं तोडणीला घरी येतात. गाडी स्वतः चालवू नका. वाहतूक उजवीकडून आहे आणि टेस्टिंगला गेल्यावर चालवणाऱ्याची पंचाईत होते. दोन-तीन दिवसांसाठी चालकासह गाडी घ्या, चौघांत परवडते.

खाण्याची काळजी तुम्ही करताय, पण एक शब्द पाठ करा: समार्खवो. म्हणजे उपवासाचं. तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या उपवासात मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही, त्यामुळे हा शब्द उच्चारला की समोरच्याला लगेच कळतं. काही उपवासांना मासे चालतात, तेवढं विचारून घ्या. आपल्या उपवासाला साबुदाणा, त्यांच्या उपवासाला लोबिओ, म्हणजे मातीच्या भांड्यातला राजमा. वांग्याच्या कापांत लसूण घातलेलं अक्रोडाचं वाटण भरून गुंडाळतात, ते आमच्या सासूबाईंनी रोज मागितलं. लोबियानी म्हणजे राजम्याचं सारण भरलेली जाड पोळी, पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण. पालकाच्या गोळ्यांत मेथीचा वास आला म्हणून सासूबाईंनी चौकशी केली, तर खरंच मेथीच्या जातीचाच मसाला निघाला. खिन्काली दिसतात उकडीच्या मोदकासारख्या, पण आत बहुतेक वेळा मांस असतं. मशरूमच्या किंवा बटाट्याच्या मागा आणि "खोर्त्सिस गारेशे", मांसाशिवाय, असं पुन्हा सांगा.

आई-बाबा पीत नाहीत याचं अजिबात ओझं घेऊ नका. जेवणाच्या बैठकीत तमादा, म्हणजे यजमानांतला बोलका माणूस, एकेका गोष्टीसाठी पेला उचलतो: गेलेल्यांसाठी, मुलांसाठी, पाहुण्यांच्या देशासाठी. पेल्यात द्राक्षाचा रस असला तरी उचलावा आणि आपल्या पाळीला दोन शब्द बोलावेत, एवढीच अपेक्षा असते. आमचे सासरे आयुष्यात प्यायले नाहीत. ते मराठीत बोलले, मुलीने इंग्रजी केलं, यजमानांच्या मुलाने जॉर्जियन, आणि टेबलावरच्या दोन बायका डोळे पुसत होत्या. तुम्हाला स्वतःला मात्र सांगते, प्रत्येक वेळी पेला रिकामा करायला जाऊ नका. चाचा नावाची द्राक्षाच्या चोथ्याची दारू पुढे आली तर ओठाला लावून ठेवा, ती फार जहाल असते.

तोडणीच्या दिवसांत आईंना चुर्चखेला करताना बसवा. अक्रोड सुईने दोऱ्यात ओवायचे, आटवून पिठाने दाट केलेल्या द्राक्षाच्या रसात माळ बुडवायची आणि वाळत टांगायची. आमच्या सासूबाई गजरे ओवणाऱ्या, त्यांनी तासाभरात आठ माळा केल्या आणि त्यातल्या दोन घरी आणल्या. त्या बॅगेत नीट टिकतात.

बाटल्या आणायच्या तर भारतात माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क नाही, म्हणजे प्रत्येकी दोन बाटल्या. कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा. पुण्यातल्या ज्या मित्रांना वाईनची सवय नाही त्यांच्यासाठी किंद्झमराउली घ्या, ती लाल आणि गोडसर असते. घरगुती क्वेव्री वाईन आणलीत तर फ्रिजमध्ये ठेवा आणि थंडीतच संपवा. आमची एक बाटली कपाटात राहिली, एप्रिलच्या उन्हाने तिचा व्हिनेगर केला.

मठांत शिरताना खांदे-गुडघे झाकलेले हवेत आणि बायकांनी डोकं झाकायचं असतं. आईंची ओढणी किंवा पदर पुरेसा आहे, वेगळा स्कार्फ घेऊ नका. विमानतळावर विचारपूस होऊ शकते, म्हणून व्हिसा, परतीचं तिकीट, सगळ्या मुक्कामांचं बुकिंग आणि विम्याचा कागद छापून हातातल्या पिशवीत ठेवा. आणि तारखा पक्क्या झाल्या की घरगुती मुक्कामाला पहिल्याच निरोपात तीन गोष्टी कळवा: चौघे येतोय, जेवण समार्खवो, आणि आम्हाला बागेत तोडायला यायचंय.