पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा उतार: सुरुवात कशी करावी

पावसाळ्यात उतार किती सरकला हे तुम्हाला मोजायचंय. तुमच्याकडे मे आणि ऑक्टोबर अशी दोन ड्रोन उड्डाणं आहेत, म्हणजे निम्मं काम झालंय. दोन्ही उड्डाणांच्या फोटोंवरून बनलेले क्लाउड (जमिनीवरच्या असंख्य बिंदूंचे त्रिमितीय संच) एकमेकांशी ताडून बघायचे. त्यासाठी क्लाउडकंपेअर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, तेच उतरवून घ्या. एम३सी२ (दोन क्लाउडमधलं अंतर मोजायची पद्धत) वगैरे नंतर बघू.

आधी एवढंच सांभाळा:

१. दोन्ही क्लाउड एकाच उंची-संदर्भात हवेत. एक लंबगोलावरून (जीपीएस पृथ्वीचा जो गणिती आकार धरतं त्यावरून) आणि दुसरा समुद्रसपाटीवरून मोजलेला असेल, तर कोकणात ६० मीटरहून जास्त फरक दिसतो. तो लगेच कळतो म्हणून बरं.

२. जुळवणी फक्त न हललेल्या जागांवर करा: डांबरी रस्ता, कातळ, मोरीचा कठडा. नवखे लोक अख्ख्या क्लाउडवर आयसीपी (दोन क्लाउड आपोआप जुळवणारी पद्धत) चालवतात; मग घसरलेला भागही जुळवणीत ओढला जातो आणि खरा बदलच पुसट होतो. जुळवल्यावर रस्त्यावरचा फरक तपासा. तिथेच आठ सेंटिमीटर दिसत असतील तर उताराबद्दल बोलूच नका.

३. गवत! माझ्या पहिल्या कामात मी डोंगर फूटभर वर आल्याचं ठणकावून सांगितलं होतं. ते ऑक्टोबरचं गवत होतं. फोटोंवरून बनवलेल्या क्लाउडला गवताखालची जमीन दिसत नाही, त्यामुळे तो भाग सरळ वगळा.

आणि दोन्ही सर्वेक्षणांच्या चुका एकत्र येतात: प्रत्येक चुकेचा वर्ग (स्वतःशी गुणाकार) करून बेरीज, मग तिचं वर्गमूळ. दोन्ही सर्वेक्षणांत ±५ सेंटिमीटर असेल तर फरकात ±७. ९५ टक्के खात्री हवी असेल तर फरकाच्या रंगीत चित्रात साधारण १४ सेंटिमीटरच्या आतला फरक कितीही लालभडक दिसला तरी सोडून द्या.

रस्त्यावरचा आकडा काय येतो ते इथे टाका, मग पुढचं सांगतो.