वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीची वायरिंग

प्रश्न : माझी मारुती ८०० वीस वर्षं जुनी आहे. तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. नवी बॅटरी बसवली तरी तेच. आता डायनामो (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) बदलायला सांगतायत. बदलू का? (चिपळूण)

आधी मोजा. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळत असतील, तर चार्जिंग ठीक आहे. बंद गाडीत काहीतरी बॅटरी खातंय, ते शोधायचं.

चावी काढा, सगळे दिवे बंद करा, दारं लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. मल्टीमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचा मीटर) १० अँपिअरवर ठेवून लाल पिन त्या वायरला आणि काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला लावा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. दहा-पंधरा मिनिटं थांबून आकडा वाचा. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. ४०० दिसले तर दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ अँपिअर-तासाची बॅटरी चार दिवसांत रिकामी. तुमचं लक्षण नेमकं हेच आहे.

आता फ्यूज एकेक करून काढा. जो फ्यूज काढल्यावर आकडा खाली येईल, त्या लाइनवर दोष. दाराचं बटण गंजून अडकलं की आतला दिवा जळत राहतो आणि दिवसा ते लक्षातही येत नाही.

सगळे फ्यूज काढूनही आकडा तोच राहिला, तर फ्यूजबॉक्समधून न जाणाऱ्या वायरी तपासा. आमचा पहिला संशय नंतर बसवलेल्या स्टिरिओवर आणि रिमोट लॉकवर असतो. बाजारातल्या स्टिरिओची पिवळी वायर कायम बॅटरीवर आणि लाल वायर चावीवर हवी. बसवणारे घाईत दोन्ही एकत्र पिळतात, मग चावी काढली तरी स्टिरिओ जागाच राहतो. तेही नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर पूर्ण सोडवून डायनामोची जाड वायर काढा, तिचं टोक टेपने झाका आणि मीटर लावून पुन्हा मोजा. आता आकडा खाली आला तर डायनामोतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलाय. बहुतेकदा डायोड प्लेट बदलून भागतं, अख्खा डायनामो लागत नाही.

प्रश्न : ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मंद पेटतो. बल्ब बदलून झाले. (सांगली)

अर्थिंग गेलंय. ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या करंटला बॉडीकडे जायला वाट नाही, म्हणून तो त्याच दिव्यातल्या शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि दिव्याचं अर्थ टोक ते बॅटरी निगेटिव्ह यांमध्ये व्होल्ट मोजा. ०.२ च्या वर दिसले तर निदान पक्कं. अर्थचा स्क्रू काढून थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. रंगावर आवळलेला स्क्रू पावसाळाभरही टिकत नाही.

प्रश्न : पार्किंग लाइटचा १० अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो. २० चा टाकू का? (मडगाव)

मुळीच नको. मग फ्यूजऐवजी वायर जळेल, आणि ती डॅशबोर्डच्या आत जळते. त्या लाइनवरचे सगळे बल्ब काढा, फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा आणि पार्किंगचा स्विच लावा. बल्ब भगभगीत पेटला म्हणजे शॉर्ट आहे. आता हार्नेस (वायरींचा जुडगा) जागोजाग हलवत जा. जिथे हात लागताच बल्ब विझेल, तिथे वायर सोलली आहे. नंबरप्लेटच्या दिव्याची वायर डिकीच्या दाराच्या वाकणीपाशी घासते, सुरुवात तिथून करा. जोड डाग देऊन (सोल्डर करून), हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवूनच घ्या. साधी टेप उन्हाळ्यात सुटते.