जॅमपॅडवर दणदणीत, स्टुडिओत सपाट

प्रश्न : ताई, आमचा पाच जणांचा बँड आहे. गिटार, बेस, ड्रम्स, ढोलकी आणि गाणारी मी. गाणी आमची स्वतःची, मराठी. कॉलेजच्या कार्यक्रमांत लोक उचलून धरतात. पैसे साठवून घोडबंदर रोडवरच्या एका स्टुडिओत शिफ्ट, म्हणजे ठरावीक तासांची वेळ, भाड्यानं घेतली. चार गाणी करायची म्हणून गेलो, एकच झालं, तेही अर्धवट. क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या लयीच्या टिकटिकीवर, वाजवताना ड्रमर बिथरला, माझा सूर चढत राहिला आणि शेवटी ऐकलं तर सगळं सपाट. परतताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. अजून एका शिफ्टचे पैसे शिल्लक आहेत. सगळ्यांनी एकत्र वाजवून रेकॉर्ड करावं की एकेकट्यानं? शिवाय स्टुडिओवाले म्हणतात, गाणं आमच्या चॅनलवर टाकतो. टाकू द्यावं का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : त्या एका दिवसावरून बँडबद्दल काहीही ठरवू नका. तुम्ही जे सांगताय ते पहिल्यांदा स्टुडिओत गेलेल्या बहुतेक बँडचं होतं, आणि त्याची कारणं अगदी साधी आहेत.

जॅमपॅडच्या, म्हणजे बँडच्या तालमीच्या, लहान खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो, ड्रम्स अंगावर येतात, बेस पायातून कळतो. त्या गदारोळात बारीक चुकाही बुडून जातात. स्टुडिओच्या भिंती आवाज शोषून घेतात आणि माइक वाद्याला अगदी लागून असतो. हेडफोनमध्ये पोहोचतो तो कोरडा, उघडा आवाज. मिक्सिंग, म्हणजे सगळ्या आवाजांचा मेळ बसवणं, होण्याआधी तो तसाच यायला हवा. तुम्ही जे ऐकून खट्टू झालात ते तयार गाणं नव्हतंच.

आता तुमच्या सुराकडे येते, कारण पत्रातली खरी अडचण मला तिथे दिसते. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज वाद्यांखाली दबला की गाणारा नकळत जोर लावतो, आणि जोर लावला की सूर चढतो. उलट, स्वतःचा आवाज फारच मोठा आला तर माणूस दबकत गातो आणि सूर पडतो. म्हणून टेक, म्हणजे रेकॉर्डिंगची एक खेप, सुरू होण्याआधी रेकॉर्डिस्टला स्पष्ट सांगा : ‘माझा आवाज वाढवा, ड्रम्स कमी करा, आवाजावर थोडा रिव्हर्ब द्या.’ तो रिव्हर्ब, म्हणजे आवाजाची घुमणारी आस, फक्त तुमच्या कानापुरता असतो, रेकॉर्डिंगमध्ये जात नाही. मग हेडफोनची एक बाजू कानावरून मागे सरकवून गाऊन बघा. गेल्या पावसाळ्यात तुर्भ्याच्या एका स्टुडिओत एक मुलगी अंतऱ्याच्या वरच्या सुरावर पुन्हा पुन्हा अडकत होती. तिनं डावा कान मोकळा केला, माइकपासून अर्धं पाऊल मागे आली आणि पुढच्याच टेकला ती ओळ सहज बसली. आवाज तोच, गळा तोच. तिला स्वतःचं गाणं ऐकू यायला लागलं, एवढंच. हे मागून घ्यायला लाजू नका. शिफ्टचे पैसे तुम्ही भरलेत.

क्लिकचं म्हणाल, तर तो स्टुडिओत शिकायचा नसतो. आधी जॅमपॅडवरच प्रत्येक गाण्याची लय ठरवा आणि कागदावर लिहा, मिनिटाला ९२ ठोके असतील तर ९२. ती ठरवताना मोबाइलवर तुमच्याच तालमी ऐका. कार्यक्रमात लय हमखास वाढलेली असते, ती धरू नका. घरी ड्रमरनं निदान दोन आठवडे रोज क्लिकवर वाजवावं. टिकटिक बोचत असेल तर तिच्या जागी केरव्याचा साधा ठेका लावून मिळतो, ढोलकीवाल्या बँडला तो जास्त मानवतो. आणखी एक : क्लिक अख्ख्या गाण्यात एकाच गतीचा असावा असं बंधन नाही. ध्रुवपदाला तुम्ही जरा पुढे सरकत असाल तर तिथे लय दोनानं वाढवून ठेवता येते. बरेच बँड हे मागतच नाहीत आणि गाण्याचा जीव घालवून बसतात.

एकत्र की एकेकट्यानं? माझं मत ठाम आहे : पाया एकत्र वाजवा. ड्रम्स, बेस आणि गिटार एकमेकांना दिसतील असे बसा, तुम्ही दुसऱ्या खोलीतून काचेआडून गा. बेस थेट वायरनं जातो आणि गिटारचा अँप वेगळ्या खोलीत ठेवता येतो, त्यामुळे ड्रम्सच्या माइकमध्ये फार मिसळत नाही. ड्रम्स आणि बेस घट्ट बसले की बाकी सगळं नंतर एकेक करून पुन्हा घेता येतं. गिटार घ्या, मग ढोलकी, सगळ्यांत शेवटी तुमचा आवाज. पण पाया वाजवताना तुम्ही पहिल्यांदा गायलात तो गाइड, म्हणजे इतरांना अंदाज यावा म्हणून गायलेला कच्चा आवाज, पुसू देऊ नका. कित्येकदा एखादी ओळ त्यातच सर्वांत खरी लागलेली असते.

ढोलकी वेगळी का, तर तिच्यावर हवेचा परिणाम होतो. आपल्याकडच्या दमट हवेत कातडं सैल पडतं, एसीच्या कोरड्या थंडीत ते ताणतं आणि सूर चढतो. बाहेर लावलेली ढोलकी आत तासाभरात वेगळी बोलते. म्हणून ती सकाळीच आत नेऊन ठेवा, तिथल्याच हवेत लावा आणि प्रत्येक टेकआधी गाण्याच्या षड्जाशी ताडून बघा. दोन्ही बाजूंना वेगवेगळा माइक मागा, नाहीतर डाव्या बाजूची घुमार हरवते. गिटारच्या तारा एक-दोन दिवस आधी बदला. त्याच सकाळी बदलल्या तर त्या दिवसभर उतरत राहतील.

एका शिफ्टमध्ये चार गाणी हा हिशेबच चुकीचा होता. ड्रम्सचे माइक लावून आवाज जमेपर्यंतच दोनेक तास सहज जातात. उरलेल्या पैशांत एकच गाणं करा, जे लोक तुमच्याकडे पुन्हा मागतात ते. शिफ्टच्या आधी रेकॉर्डिस्टला मोबाइलवरची तालीम, शब्द आणि लय पाठवा. निघताना प्रत्येक वाद्याची वेगळी वेव्ह फाइल, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झची, गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणारी, स्वतःच्या हार्डडिस्कवर घ्या. एमपीथ्रीवर समाधान मानू नका. ह्या फाइली हातात असल्या की मिक्सिंग पुढे पैसे जमल्यावर, दुसरीकडेही करता येतं.

मिक्सिंगला पाचही जण बसू नका. प्रत्येक जण स्वतःचं वाद्य वाढवायला सांगतो आणि शेवटी तुमचा आवाज खाली जातो. एकाला बसवा, बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी ऐकावं, मोबाइलच्या स्पीकरवर आणि हळू आवाजात. शब्द कळले पाहिजेत.

चॅनलचं : तोंडी ‘हो’ म्हणू नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगचा निर्माता म्हणजे ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. पैसे तुमचे, गाणं तुमचं, स्टुडिओनं भाड्यानं जागा आणि काम दिलं, तर निर्माते तुम्ही. त्यांना टाकायचंच असेल तर किती दिवसांसाठी, उत्पन्न आलं तर कुणाचं आणि काढायला सांगितलं तर किती दिवसांत काढणार, हे कागदावर घ्या. त्याआधी तुम्ही पाच जणही एक कागद करा : शब्द कुणाचे, चाल कुणाची, आलेला पैसा कसा वाटायचा. गाणं बाहेर पडण्याआधी त्यावर पाचही सह्या झाल्या पाहिजेत, ढोलकीवाल्याचीसुद्धा.